फोमला ऊन चालत नाही

सूर्य पूर्वेला उगवतो, याबद्दल आमच्या नातेवाइकांत अद्याप मतभेद नाहीत. आमच्या गच्चीवर गेल्या शिमग्यात जे घडले, त्याबद्दल मात्र इतक्या आवृत्त्या प्रचलित आहेत की प्रत्येक लग्नात एक नवी ऐकायला मिळते, आणि त्यांतील एकही खरी नाही. सर्वांत लोकप्रिय आवृत्ती माझे साडू आबा यांची. आबा नामपूरला कांद्याचा व्यापार करतात, आणि कांद्याप्रमाणेच हकिकतीही साठवून ठेवून भाव आला की बाजारात आणतात. वऱ्हाड जेवायला बसले की ते माझ्याकडे बोट दाखवून सुरुवात करतात. पाहुणे हसतात. नवरदेवही हसतो, वास्तविक त्या दिवशी त्याने स्वतःच्या भवितव्याची काळजी करायला हवी.

म्हणून हा खरा वृत्तांत. मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो असून अतिशयोक्ती हा आमच्या खात्याचा दोष कधीच नव्हता (अंदाजपत्रके वगळून).

आमचे घर इंदिरानगरमध्ये, एका चौकाच्या कोपऱ्यावर आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर एक प्रशस्त खोली, आणि तिच्या डोक्यावर गच्ची. ही वरची खोली आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे विमलला, दुपारसाठी हवी होती. कारण खाली हॉलमध्ये मी दूरचित्रवाणीवरील चर्चा पाहतो. नुसत्या पाहत नाही. त्यांत भाग घेतो. माझे म्हणणे स्टुडिओपर्यंत पोहोचत नाही, हा तंत्रज्ञानाचा दोष. ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते, हा तिच्या मते माझा. तेव्हा तिला शांतता हवी होती, आणि शांतता फक्त वर होती. पण फाल्गुन लागला की त्या खोलीत पापड भाजायला विस्तवाची गरज उरत नसे.

तिच्या गंगापूर रोडच्या मैत्रिणीने गच्चीवर फोम मारून घेतला होता आणि ती आता दुपारी शाल पांघरून झोपते, अशी वार्ता आली. मैत्रिणींच्या वार्तांविरुद्ध अपील नसते. वैभव नावाचा एक तरुण ठेकेदार आला. त्याच्या एका कानात सतत फोनचे पांढरे बोंडूक असे, त्यामुळे तो माझ्याशी बोलतो आहे की आणखी कोणाशी, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. त्याच्या पोरांनी नळीने गच्चीभर एक द्रव फवारला, आणि तो पाहता पाहता फुगून ढोकळ्यासारखा पिवळा, टणक थर झाला. विमलने बोटाने दाबून पाहिला आणि वर फोडणी घालायची असते का, असे विचारले.

"काकू, वर कोट मारायचा असतो," वैभव म्हणाला. "ह्या फोमला पाऊस चालतो, थंडी चालते, वर चालून गेलेलं चालतं. फक्त ऊन चालत नाही. पांढरा कोट मारला की विषय संपला. आजच मारून टाकतो."

"उन्हापासून घर वाचवायला आणलेल्या वस्तूला ऊन चालत नाही?" मी विचारले.

"उघडा राहिला तर करपतो ना, काका. आधी तांबूस होतो, मग भुकटी उडायला लागते."

म्हणजे अंधाराला भिणारा रखवालदार नेमायचा आणि त्याच्या उशाला आपण कंदील घेऊन बसायचे, असा हा प्रकार होता. तरीही मी तो मान्य केला असता. पण कोट मारण्यापूर्वी पाणी भरून चाचणी झालीच पाहिजे, असे मी बजावले.

आबा सांगतात की मी गच्चीवर धरण बांधले. हे साफ खोटे आहे. मी फक्त पन्हळांच्या तोंडांत बोळे कोंबले आणि गच्ची काठोकाठ भरली. चाचणी कोटानंतर घेतात, असे वैभव वारंवार सांगत होता. मी कालव्यांच्या चाचण्या घेत होतो तेव्हा तू कुठे होतास, असे मी त्याला विचारले. त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि जन्मलो नव्हतो, असे प्रामाणिकपणे सांगितले. पाणी राहिले. एक थेंब खाली आला नाही. मी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून, उद्घाटनाला मंत्री उभे राहतात तसा, बराच वेळ उभा राहिलो. मग बोळे काढले, पाणी सोडले, गच्ची वाळू दिली. आणि तोवर वैभवची पोरे शिमग्यासाठी सुरगाण्याकडे, आपापल्या गावी, निघून गेली.

शिमग्याला तिकडचा माणूस गावी जातो. त्याला ठेकेदार, घरमालक किंवा पाटबंधारे खाते यांपैकी कोणीही अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. वैभवचा फोन आला. पोरे आता रंगपंचमी झाल्यावरच येतील, तोवर काहीही करा पण फोम झाकून ठेवा, असे तो म्हणाला. तुम्ही पाणी भरलं नसतं तर, असे वाक्य त्याने पुढे सुरू केले होते, परंतु त्याच वेळी नेटवर्क गेले. (नेटवर्क मीच घालवले, हे आबांच्या आवृत्तीतील पहिले अचूक विधान आहे.)

दुसऱ्या दिवशी मी विमलच्या जुन्या साड्या गच्चीवर अंथरल्या आणि कडेने विटा ठेवल्या. दुपारी वारा सुटला. आमच्या शेजारी नुकतीच एक बारा मजली इमारत उभी राहिली आहे. तिच्या चौथ्या मजल्यावरील एका डिश अँटेनाला आमची नऊवारी नेसवली गेली. आणि चांगली नेसवली गेली, हे तेथील बाईंनीही मान्य केले. साडी परत आणायला विमल स्वतः गेली. परतल्यावर तिने उरलेल्या सर्व साड्या शांतपणे घड्या करून कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. त्या दिवसापासून साड्यांचा पर्याय शासकीय पातळीवर संपला.

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे.

आमच्या चौकाच्या पश्चिम कोपऱ्यावर, अगदी वळणावर, एक प्रचंड लोखंडी सांगाडा उभा होता. त्यावर बारा महिने पिंटूभाऊंचा फ्लेक्स असे. पिंटूभाऊ हे आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक. निवडणुका लांबत गेल्याने ते इतकी वर्षे भावी होते की भावी हे त्यांचे आडनाव असावे, अशी लहान मुलांची समजूत झाली होती. कधी त्यांचा वाढदिवस, कधी त्यांच्या नेत्याचा, कधी नेत्याच्या नातवाचा. शुभेच्छुक बदलत, पण हात जोडलेले पिंटूभाऊ तेच. त्या फलकामुळे वळणावरून येणारे वाहन दिसत नसे. विमल तिथेच स्कूटीसह पडली होती आणि तिचे मनगट मोडले होते. फलकाआडून आलेला टेम्पो तिला दिसला नाही, आणि टेम्पोवाल्याला ती. प्लास्टर उतरले, तरी भाकरी थापताना तिचा तो हात मध्येच थांबतो, तेव्हा मला स्वयंपाकघरात उभे राहवत नाही.

म्हणून मी त्या फलकाविरुद्ध लढत होतो. मापे घेतली, छायाचित्रे काढली, अर्ज केले, स्मरणपत्रे दिली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रे दिली. कॉलनीतील ज्येष्ठ मंडळींच्या सह्या घेतल्या. अखेर महापालिकेचे साहेब स्वतः पाहणीला येणार असे ठरले, आणि ती पाहणी नेमकी होळी आणि रंगपंचमी यांच्या मध्ये आली. तक्रारदार म्हणून माझे एकट्याचे नाव होते. माझ्या शब्दावर फलक पडणार होता किंवा राहणार होता.

विषयांतर संपले. आता आबा.

आबा कामानिमित्त पिकअप घेऊन नाशिकला यायचे होते. मी त्यांना ताडपत्री आणायला सांगितले. (मी गयावया केली, असे ते सांगतात. मी दोनदा फोन केला. त्याला गयावया म्हणत नाहीत, पाठपुरावा म्हणतात.) आबा आले, आणि त्यांनी ताडपत्रीऐवजी जुन्या फ्लेक्सची एक भलीमोठी गुंडाळी उतरवली. बागलाणात कांद्याचे ढीग हल्ली याच जुन्या फ्लेक्सखाली झाकतात. अख्ख्या जिल्ह्यातील शुभेच्छा अशा रीतीने शेवटी कांद्याच्या उपयोगी पडतात, ही लोकशाहीची एक समाधानकारक बाजू आहे.

"दादासाहेब, ह्याना खाले कांदा सहा महिना टिकस," आबा म्हणाले. "तुमनी गच्ची नही टिकाव का?"

आम्ही गुंडाळी उलगडली, आणि आतून पिंटूभाऊ निघाले. एक नव्हे, तीन. एकच चेहरा, एकच नमस्कार, केवळ सदऱ्यांचे रंग वेगळे. शहरातील फलकांवरून उतरलेला माल आबांच्या भंगारवाल्याकडे पोहोचला होता आणि तिथून फिरून मूळ गावी परत आला होता.

आता मुख्य वादाचा मुद्दा. आबा प्रत्येक लग्नात शपथेवर सांगतात, "मी तुमले सांगं व्हतं, पांढरी बाजू वर करा." हे खरे आहे. त्यांनी सांगितले होते. मीही शिकलेला माणूस आहे. पांढरी बाजू ऊन परतवते, हे मला आबांकडून समजून घ्यायची आवश्यकता नव्हती. पण पांढरी बाजू वर म्हणजे चेहऱ्याची बाजू खाली. म्हणजे ज्या माणसाच्या फलकापायी माझ्या बायकोचे मनगट मोडले, तो माणूस रात्रंदिवस माझ्या छपराला तोंड लावून पडणार, आणि विमल दुपारी झोपली की बरोबर तिच्या वर! हे मला मान्य नव्हते. मी चेहरा वर केला. सूर्याकडे तोंड करून पड म्हटले, बाबा. माझ्या घराकडे नको. तत्त्वाच्या प्रश्नावर मी उष्णतेशी तडजोड केली नाही.

तिन्ही फ्लेक्स शेजारी शेजारी अंथरले, दोरीने ताणून बांधले, विटा ठेवल्या. फोम पूर्ण झाकला गेला. संध्याकाळी वैभवला फोन करून मी हे कळवले. त्याने शाबासकी दिली. ती त्याने मला दिली की कानातल्या दुसऱ्या कोणाला, हे पुन्हा कळले नाही.

मी एकच गोष्ट विसरलो. धरणाला वरून कोणी पाहत नाही. गच्चीला पाहतात.

बारा मजली इमारतीतील प्रत्येक बाल्कनीतून आता पिंटूभाऊ दिसत होते. तीन रंगांत, आकाशाला हात जोडून, आणि खाली ठळक अक्षरांत 'आपला माणूस'. ही बातमी मला कोणी दिली नाही. मी सकाळी जॉगिंग ट्रॅकवरील आमच्या बाकावर गेलो तर मंडळींनी सरकून जागा करण्याऐवजी पसरून जागा भरली. एक गृहस्थ बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिले आणि म्हणाले की माणूस वयपरत्वे व्यवहारी होतो, यात गैर काही नाही. दुसऱ्यांनी विचारले की महापालिकेतील स्वीकृत सदस्यत्वाचे ठरले आहे की नुसते आश्वासन आहे. मी त्यांना फोम, शिमगा, भुकटी, कांदा असे सर्व सविस्तर समजावून सांगितले. जितके सविस्तर सांगत गेलो, तितके ते मला खोटे बोलणारा समजत गेले. शेवटी मलाही ते फारसे पटेना.

त्यातच पिंटूभाऊंची प्रभागात पदयात्रा निघाली आणि तिच्यावर चित्रीकरणाचा ड्रोन घिरट्या घालू लागला. आमच्या गच्चीवर आल्यावर तो थबकला. शेतात पाखरू थबकते तसा. मी खालून छत्री हलवून त्याला हाकलायचा प्रयत्न केला. आबांच्या म्हणण्याप्रमाणे मी त्याला अभिवादन केले. चित्रीकरण मी पाहिले आहे, आणि दुर्दैवाने ते अभिवादनासारखेच दिसते. दुपारपर्यंत ते कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले. खाली ढोलकीचे संगीत, वर मी छत्री उंचावतो आहे, गच्चीवर तीन पिंटूभाऊ, आणि मजकूर: 'ज्येष्ठांचाही विश्वास, पिंटूभाऊंचा विकास.' बाकावरच्या मंडळींनी अंगठे पाठवले. माझ्या अर्जावर सह्या केलेल्यांपैकी काहींनी दोन-दोन.

"अहो, ते खाली घ्या," विमल म्हणाली.

मी तिला समजावले की झाकण काढले तर फोम करपेल, खोली पुन्हा भट्टी होईल, आणि तिने ज्यासाठी इतकी वाट पाहिली ते सर्व वाया जाईल. पोरे येईपर्यंत कळ काढू. पाहणीच्या दिवशी साहेबांना मी नीट समजावून सांगेन. मी समजावून सांगितले की माणसे नि:शब्द होतात, असे मी म्हणालो. ती नि:शब्द झाली.

पाहणीच्या दिवशी सकाळी साहेबांच्या आधी पिंटूभाऊच आले. सोबत शाल, श्रीफळ आणि सतत छायाचित्रे काढणारा एक कार्यकर्ता. आबा सांगतात की मी न्हाणीघरात लपलो. हा माझ्या चारित्र्यावरील आरोप आहे. मी लपलो नव्हतो; मी आंघोळ करत होतो. दुसऱ्यांदा.

बाहेर आलो तेव्हा पिंटूभाऊ हॉलमध्ये बसून चहा पीत होते, आणि आबा (जे नेमके त्याच सकाळी 'सहज' आले होते) त्यांना कांद्याची यंदाची परिस्थिती समजावत होते. पिंटूभाऊंनी उठून माझे पाय धरले. मला शाल पांघरली. मार्च महिन्यात, इंदिरानगरमध्ये, शाल.

"काका, तुम्ही एवढं मनात ठेवलं आणि बोललाही नाहीत," ते म्हणाले.

मी म्हणालो की मी तर वर्षानुवर्षे बोलतो आहे, लेखी.

"ते जाऊ द्या. आता आपण घरचे." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचं फोमचं समजलं मला. पोरं येईपर्यंत काही काळजी करू नका. फ्लेक्स फाटले तर नवे पाठवतो, हवे तेवढे. फक्त साहेब आले की तेवढं सांगा, तक्रार गैरसमजातून झाली होती."

इतक्या सहजपणे मला आजवर कोणी विकत घेतलेले नव्हते. आणि ते देखील माझ्याच गच्चीवर आधीच पोहोचता केलेल्या मालाच्या बदल्यात. मी उत्तर देणार तोच साहेब आले. पन्नाशीचे, दमलेले, शिष्टाचाराने वागणारे गृहस्थ. त्यांनी चौकातला फलक पाहिला, मापे घेतली, आणि मग बारा मजली इमारतीकडे मान वर केली. तिथे सर्व बाल्कन्यांत माणसे उभी होती आणि सगळी आमच्या गच्चीकडे पाहत होती. साहेब सरळ आमच्या जिन्याने वर गेले. मागोमाग मी शालीसह, पिंटूभाऊ, आबा आणि विमल.

गच्चीवर साहेब तिन्ही पिंटूभाऊंच्या सभोवती एक फेरी मारून आले.

"काका, हे तुम्ही लावलंय?"

मी त्यांना समजावून सांगितले. फोम म्हणजे काय, सूर्यकिरणांनी त्याचे काय होते, सुरगाण्याची पोरे, पाणीचाचणीचे महत्त्व, पांढऱ्या बाजूऐवजी छापील बाजू वर ठेवण्यामागची माझी तात्त्विक भूमिका. साहेबांनी मध्ये एकदाही टोकले नाही. संपल्यावर ते म्हणाले,

"चौकातला फलक विनापरवाना आहे, बरोबर. आणि हा त्याच्यापेक्षा मोठा आहे. याचा परवाना आहे का?"

"हा फलक नाही. हे आच्छादन आहे."

"काका, कायद्याला वरची छपाई दिसते. खालचा फोम दिसत नाही."

पिंटूभाऊ मंद हसले. म्हणाले, साहेब, काका घरचेच आहेत, त्यांचा काही आग्रह नाहीये. हाही राहू द्या, तोही राहू द्या. आबांनी मान डोलावली. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मला खाली फोम दिसत नव्हता, पण जाणवत होता. पोरे यायला अजून अवकाश होता, आणि ऊन तर आत्ताच डोक्यावर आले होते. मी विमलकडे पाहिले. तिने उजवे मनगट डाव्या हातात धरले होते. ती तसे करते तेव्हा ते दुखत असतेच असे नाही. तिला सवयच लागली आहे.

मी शाल काढली आणि घडी करून पिंटूभाऊंच्या हातात दिली.

"लिहा, साहेब," मी म्हणालो. "पंचनाम्यात अनधिकृत फलक दोन. पहिला माझा. त्याच्यासमोर माझी सही घ्या. दुसरा यांचा. आणि पहिल्यावर कारवाई केलीत तर दुसऱ्यावर का केली नाही, हे मी पुढची वीस वर्षे विचारीत राहीन. मला दुसरे काम नाही."

साहेबांना माझी स्मरणपत्रे आठवली असावीत. त्यांचा चेहरा क्षणभर अत्यंत थकला, आणि ते लिहू लागले.

पिंटूभाऊ काही बोलणार तोच विमल पुढे झाली. तिने विटा बाजूला सारल्या, दोऱ्या सोडल्या, फ्लेक्सचे एक टोक उचलले आणि दुसरे पिंटूभाऊंच्या हातात दिले.

"धरा. नीट धरा, ओढून. माझ्या हातात जोर नाही आता."

घरात चादरीची घडी घालतात, तशी त्यांनी पिंटूभाऊंची घडी घातली. पिंटूभाऊ स्वतःच्याच चेहऱ्याची टोके हातात धरून चालत तिच्याजवळ येत, ती टोके तिच्या टोकांना जुळवीत आणि मागे सरत. नाकावर नाक, हातावर हात. ओळीने तिघांच्याही घड्या झाल्या, आणि साहेबांनी त्या मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतल्या. बारा मजली इमारतीतून टाळ्या वाजल्या. कार्यकर्त्याने सवयीने छायाचित्र काढले, आणि नंतर पुसले, असे म्हणतात.

फोम उघडा पडला. त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि रंगपंचमी उलटेपर्यंत. कारण आबांनी ताडपत्री आणतो असे सांगितले आणि ते नामपूरला जाऊन ही हकिकत सांगण्यात गुंतले. ढोकळा आधी सांजा झाला, मग करपलेला सांजा. विमल जिना चढून रोज बघून येई. पोरे परत आली तेव्हा त्यांनी वरची भुकटी खरवडली, पुन्हा फवारा मारला, आणि या वेळी मला खाली हॉलमध्ये बसवून त्याच दिवशी पांढरा कोट मारला. आबा सांगतात की वैभवने मला बाहेरून कडी घातली होती. कडी विमलने घातली होती.

आणि फलक पडला. एका सकाळी क्रेन आली, सांगाडा कापला, उचलला आणि घेऊन गेली. मी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. वळण स्वच्छ दिसत होते. विमल स्कूटीवरून त्या कोपऱ्यावरून वळली, थांबली, दोन्ही बाजूंना पाहिले आणि निघून गेली. बाकावरील मंडळींनी सरकून मला मधोमध जागा दिली. लढा यशस्वी झाला होता. याविषयी कोणाचीही आवृत्ती वेगळी नाही.

त्या दुपारी साडेचारच्या सुमारास आमच्या हॉलमध्ये ऊन आले.

हे घर बांधून झाल्यावर काही काळातच तो सांगाडा उभा राहिला होता, त्यामुळे पश्चिमेच्या उन्हाशी आमच्या हॉलचा तसा परिचयच नव्हता. आता ते थेट सोफ्यावर, माझ्या खुर्चीवर आणि दूरचित्रवाणीवर येऊन बसले. चर्चेत कोण बोलते आहे ते दिसेना. मला उत्तर कोणाला द्यावे ते कळेना. पडदे लावले, तर पडद्यांसकट हॉल तापू लागला. मी वरच्या गार खोलीत आश्रय मागितला. विमलने दार उघडून, मी चर्चा ऐकणार का, असे विचारले. मी फक्त बातम्या, असे म्हणालो. तिने दार लावले.

शेवटी मी महापालिकेत साहेबांकडे गेलो. मला पाहून त्यांनी आपोआप खुर्चीवरून अर्धे उठून फाइल मागवली. मी म्हणालो की तक्रार नाही, नम्र सूचना आहे. त्या मोकळ्या कोपऱ्यावर, वळण न अडवता, जरा आतल्या बाजूला, एखादा कडुनिंब लावला तर नागरिकांना सावली मिळेल.

"कडुनिंब वाढायला बरीच वर्षं लागतात, काका," साहेब म्हणाले.

मी म्हणालो की त्याची मला कल्पना आहे. तोवर तिथे, सार्वजनिक हितासाठी, तात्पुरते, काहीतरी उंच उभे करता आले तर पाहावे.

साहेबांनी पेन खाली ठेवले. चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"किती बाय किती फूट?" त्यांनी विचारले.

मापे मला तोंडपाठ होती. मी सांगितली.